रंग बदलला, पण कळले काय?

दुपारची वेळ. घरात आई आणि बारावीच्या प्रात्यक्षिकाची वही लिहीत बसलेली मुलगी. पाणी शुद्ध करणारे यंत्र विकणारा प्रतिनिधी दारात येतो आणि टेबलावर दोन ग्लास मांडतो. एकात घरातले बोअरचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. धातूच्या कांड्या असलेले एक उपकरण दोन्ही ग्लासांत बुडवतो आणि वायर प्लगला लावतो. मिनिटभरात बोअरचे पाणी पिवळे, मग तपकिरी होते. वर गाळाचा फेस येतो. दुसरा ग्लास जवळजवळ तसाच राहतो. ‘‘ताई, हेच पाणी तुम्ही रोज पोरांना पाजता!’’ एवढे एक वाक्य पुरते. जालना असो, अंबड असो की परतूर, हा खेळ अनेक घरांनी पाहिलेला आहे.

त्यामागचे रसायनशास्त्र साधे आहे. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. यंत्रातल्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जेमतेम वाहते आणि कांडी झिजत नाही. म्हणजे तो तपकिरी रंग पाण्यातून आलेला नसतो, कांडीतून आलेला असतो. त्याच ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, तर तेही तसेच गढूळ होते. (हे उपकरण घरच्या विजेवर चालते. स्वतः करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.)

गंमत अशी की, समोर बसलेल्या मुलीच्या पुस्तकात ‘विद्युत अपघटन’ नावाचा भाग असतोच. तो तिला पाठही असतो. पण पुस्तकातली ती आकृती आणि टेबलावरचा हा ग्लास एकच आहेत, हे कोणी तिला सांगितलेले नसते. रंग बदलला हे सगळ्यांना दिसते. त्यातून नेमके काय कळले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. शाळा-कॉलेजातल्या रासायनिक परीक्षांचे सगळे सार याच प्रश्नात आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

पांढरे ते सगळे मीठ नव्हे

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला पुडीत किंवा काचेच्या बशीत थोडासा क्षार मिळतो. बहुतेक वेळा पांढरा. त्यातला धन मूलक कोणता आणि ऋण मूलक कोणता, हे शोधायचे. विद्यार्थी त्याला ‘सॉल्ट अ‍ॅनालिसिस’ म्हणतात.

हाच प्रश्न शेतकऱ्याच्या घरात रोज असतो, फक्त तो कोणी परीक्षेत विचारत नाही. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, तुरटीची पूड, चुना, युरिया, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, धान्याला लावायची कीडनाशक भुकटी. डोळ्यांना यातले निम्मे सारखेच दिसतात. चव घेणे हा तर ओळखण्याचा सर्वांत धोक्याचा मार्ग. म्हणूनच प्रयोगशाळेत पहिला नियम असतो : चाखायचे नाही.

मग ओळखायचे कसे? त्या पदार्थाला एकेक प्रश्न विचारायचा. पाण्यात विरघळवून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि दह्यासारखा पांढरा अवक्षेप आला, तर क्लोराइड असण्याची शक्यता. पण कार्बोनेटही सिल्व्हर नायट्रेटबरोबर अवक्षेप देते. म्हणून आधी नायट्रिक आम्ल टाकून कार्बोनेट घालवायचे, आणि शेवटी आलेला अवक्षेप अमोनियाच्या द्रावणात विरघळतो का ते पाहायचे. विरघळला, तर क्लोराइड पक्के. बेरियम क्लोराइडने आलेला पांढरा अवक्षेप हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला नाही, तर सल्फेट. दोन्ही अवक्षेप पांढरेच, पण त्यांची वागणूक वेगळी. पहिल्या परीक्षेने संशय येतो आणि दुसरीने निश्चिती होते. म्हणूनच तिला ‘निश्चिती परीक्षा’ म्हणतात.

ज्योत परीक्षेत तर एक मूलक दुसऱ्याला चक्क लपवतो. सोडियमची ज्योत सोनेरी पिवळी, पोटॅशियमची फिकट जांभळी. दोन्ही एकत्र असतील तर पिवळ्या रंगापुढे जांभळा दिसतच नाही. मग निळ्या काचेतून पाहतात. काच पिवळा रंग अडवते आणि जांभळा दिसू लागतो. पोटॅशियम आधीही तिथेच होते. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘पोटॅशियम नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याला फक्त ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक कळलेला नसतो.

मिठातल्या आयोडीनचेही असेच आहे. शाळेत शिकवतात की, आयोडीनने स्टार्च निळे होते. एखादा हुशार मुलगा घरच्या आयोडीनयुक्त मिठात भाताची पेज घालून पाहतो. रंग येत नाही. तो म्हणतो, मीठवाल्याने फसवले. प्रत्यक्षात आपल्याकडे मिठात आयोडीन असते ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. ते थेट स्टार्चला रंग देत नाही. मीठ तपासण्याच्या किटमधील द्रावणात स्टार्चबरोबर आम्ल आणि आयोडाइड असते. त्यातून आयोडीन मोकळे होते आणि मग निळा रंग उमटतो. काही मीठ अल्कधर्मी असते, तिथे किटचाही रंग येत नाही. म्हणून त्याच किटमध्ये फेरतपासणीच्या द्रावणाची एक कुपी ठेवलेली असते. किट बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते की, पहिले ‘नाही’ शेवटचे मानायचे नसते.

हळद, साबण आणि आम्ल

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो. साबण धुऊन टाकला की पुन्हा पिवळा. हळद ही आपल्या घरातली दर्शक आहे. आम्लारी लागली की ती लाल होते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू बनवण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. प्रयोगशाळेत लिटमस येण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही परीक्षा केलेली होती.

हळदीतल्या भेसळीच्या तपासणीत मात्र गोंधळ होतो. मेटॅनिल यलो नावाच्या बंदी असलेल्या रंगाची भेसळ शोधायला हळदीच्या पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. गुलाबी-जांभळा रंग आला की भेसळ, एवढेच अर्धवट ज्ञान मोबाइलवरून फिरते. पण तीव्र आम्लात शुद्ध हळदही लालसर होते! फरक पुढच्या पायरीत आहे. त्यात पाणी घालून पातळ केले की शुद्ध हळदीचा तो रंग जातो. भेसळीचा टिकतो. ही दुसरी पायरी गाळली, तर चांगल्या हळदीचा व्यापारीही गुन्हेगार ठरेल. शिवाय ही परीक्षा मेटॅनिल यलोपुरतीच आहे. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी शिशाचा क्षार मिसळला असेल, तर त्याबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही.

मोरचुदाची निळाई

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या बागायतदाराला मोरचूद नवा नाही. मोरचूद आणि चुना यांची बोर्डो पेस्ट मोसंबीच्या खोडाला लावायची, हे त्याला पिढीजात ठाऊक. हेच निळे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, अनेक वर्षे दवाखान्यांत मधुमेह ओळखण्याच्या कामी आले.

स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे द्रावण तयार केले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखे लाल. जितकी साखर जास्त, तितका रंग लालकडे. स्पिरिटच्या दिव्यावर ही परीक्षा घरी करणारे मधुमेही गेल्या पिढीत होते.

पण या द्रावणाचा प्रश्न ‘ग्लुकोज आहे का?’ असा नसतो. ‘तांब्याला क्षपण करणारे काही आहे का?’ एवढाच असतो. जीवनसत्त्व ‘क’च्या गोळ्या भरपूर घेणाऱ्याच्या लघवीनेही रंग बदलू शकतो. पुढे आलेली रंगपट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, कारण तिच्यातले विकर दुसऱ्या साखरेला जुमानत नाही. म्हणजे पट्टी चांगली आणि बेनेडिक्ट वाईट? तसेही नाही. जन्मजात गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला दुधातली गॅलॅक्टोज ही साखर पचत नाही. उलट्या, कावीळ, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात. अशा बाळाच्या लघवीत पट्टी ‘साखर नाही’ म्हणते आणि जुने बेनेडिक्ट लाल होते. दोन परीक्षांची उत्तरे जुळत नाहीत, हीच निदानाची पहिली खूण ठरते. दोन्ही खरे बोलतात. त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे असतात, इतकेच.

गावातली प्रयोगशाळा

जालना जिल्हा बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरावर वसलेला आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठते आणि खडकातले क्षार सोबत घेऊन येते. साबणाला फेस न येणे, भांड्याला पांढरा थर चढणे ही जड पाण्याची लक्षणे घरोघरी माहीत असतात. २०१२-१३ च्या दुष्काळात तर बोअर आणखी खोल गेले आणि गावे टँकरवर आली. केंद्रीय भूजल मंडळाने राज्यातील ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त नोंदवले आहे, त्यांत जालन्याचेही नाव आहे.

जड पाण्याची आपल्याला भीती वाटते, कारण ते दिसते. त्याने मुतखडा होतो हा समज पक्का आहे. त्याला ठोस पुरावा मात्र नाही. कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे कितीतरी मोठे कारण. उलट फ्लोराइड आणि नायट्रेट यांना ना रंग, ना वास, ना चव. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात. प्रमाण फारच वाढले तर मोठ्यांची हाडे आणि सांधे आखडतात. दातांवरचे डाग घासून जात नाहीत, कारण ते दात तयार होतानाच पडलेले असतात.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शेतातले खत, उकिरडा, गोठा आणि शौचालयाचे शोषखड्डे यांतून ते विहिरीत उतरते. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. धोका असतो सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला. नायट्रेटचे नायट्राइट होते आणि त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कोम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध प्रथम दाखवून दिला. इथे आईची काळजीच उलटते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी आटवून निम्मे केले, तर ते ८० होते. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो.

हे न दिसणारे पदार्थ दिसावेत म्हणून गावात आता तपासणी किट आले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच जणांना, शक्यतो महिलांना, त्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. किटमधील परीक्षा कॉलेजातल्याच परीक्षांच्या धाकट्या बहिणी आहेत. कॉलेजात नायट्रेटसाठी तपकिरी कड्याची परीक्षा करतात. पाण्यातल्या अल्प नायट्रेटला ती पुरत नाही, म्हणून किटमध्ये त्याचे नायट्राइट करून गुलाबी रंग आणतात आणि तो रंग तक्त्याशी जुळवतात. क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ‘ओटी टेस्ट’ करतो. पाणी पिवळे झाले की टीसीएल टाकलेले आहे. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, अशी अपेक्षा. ओटीचे द्रावण विषारी असते. तपासलेले पाणी पिऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

जंतूंसाठीची बाटली तर खास आपल्या देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये मांडली. जुन्या विद्यार्थ्यांना किपच्या उपकरणातून येणारा सडक्या अंड्यांचा वास आठवत असेल. तो हायड्रोजन सल्फाइड वायू धातूंच्या क्षारांशी काळा अवक्षेप देतो. विष्ठेतले अनेक जंतू हाच वायू तयार करतात. म्हणून बाटलीत लोहाचा क्षार आणि जंतूंचे खाद्य ठेवले. पाणी भरून एक-दोन दिवसांत बाटली काळी पडली, तर पाण्यात विष्ठेचा शिरकाव झाल्याचा दाट संशय.

आता प्रत्येक परीक्षेचा प्रश्न नीट पाहा. ओटी टेस्ट विचारते, क्लोरीन उरले आहे का? ती फ्लोराइडबद्दल गप्प आहे. काळी बाटली जंतूंबद्दल बोलते, नायट्रेटबद्दल नाही. विक्रेत्याच्या खिशातले टीडीएस मीटर विजेच्या वहनावरून एकूण क्षारांचा अंदाज देते. त्याला जंतू दिसत नाहीत, आणि क्षार उपयोगी कॅल्शियमचा की घातक नायट्रेटचा हेही कळत नाही. टीडीएस २०० असलेल्या पाण्याने गॅस्ट्रोची साथ येऊ शकते. त्यामुळे ‘पाणी तपासले, चांगले आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कशासाठी तपासले आणि किती आले, हे विचारायला हवे. किटमध्ये संशय आला तर नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत जायला हवा. किट ही पहिली परीक्षा, प्रयोगशाळा ही निश्चिती.

आधी निरीक्षण, मग अनुमान

प्रात्यक्षिकाच्या वहीत तीन रकाने असतात : कृती, निरीक्षण, अनुमान. त्यांचा क्रम हेच खरे शिक्षण. पण परीक्षेच्या दिवशी काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘तुला कोणते सॉल्ट आले?’ याची कुजबुज आधी होते, उत्तर मिळते, आणि मग त्या उत्तराला साजेशी निरीक्षणे पाठांतरातून उतरवली जातात. अवक्षेप आला नसला तरी वहीत येतो. गुण मिळतात. मुलगा मात्र एक घातक सवय घेऊन बाहेर पडतो : आधी निष्कर्ष, नंतर निरीक्षण.

तीच सवय दवाखान्यात महाग पडते. विषबाधेचा रुग्ण येतो तेव्हा नातेवाईक म्हणतात, ‘‘डॉक्टर, फवारणीचे औषध होते.’’ कोणते? माहीत नाही. कापूस-सोयाबीनच्या हंगामात घरात चार डबे असतात आणि त्यांतले एखादे दुसऱ्याच बाटलीत ओतलेले असते. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ येते, दम लागतो. त्यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध आहे. दुसऱ्या जातीच्या अनेक विषांवर ते उपयोगाचे नसते. पोट धुतलेल्या पाण्याचा नमुना रासायनिक विश्लेषणासाठी पाठवला जातो, पण ‘सीए रिपोर्ट’ येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. तोवर डॉक्टरचा आधार म्हणजे दिसणारी लक्षणे आणि सोबत आणलेला डबा. म्हणून ऐकीव नावापेक्षा लेबलासह मूळ डबा दवाखान्यात आणणे कितीतरी मोलाचे. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणावा.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. न्यायवैद्यक तपासणीत अन्नात आणि तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीडनाशक सापडले. विश्लेषणाने विषाचे नाव अचूक सांगितले, पण मुले गेल्यानंतर. खाण्याच्या वस्तूंशेजारी कीडनाशक न ठेवणे, कीडनाशकाचा रिकामा डबा पुन्हा न वापरणे, प्रत्येक बाटलीवर नाव असणे आणि संशय आला की स्वयंपाक थांबवणे, या साध्या गोष्टी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी येतात.

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा संकुल आहे. रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण जिल्ह्याच्या दारात आले. पण यंत्र लाखाचे असो की परीक्षानळी दहा रुपयांची, दोन्ही विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतात. प्रश्न नीट विचारायची सवय नववी-दहावीतच लागावी लागते. त्यासाठी शाळांनी फार काही करायला नको. वर्षातून एकदा मुलांनी आपापल्या घरचे पाणी बाटलीत आणावे. गावच्या किटने ते तपासावे. सोबत एका परीक्षानळीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन तीच परीक्षा करावी, म्हणजे रंग पाण्यामुळे आला की द्रावणामुळे हे कळेल. दिसले ते लिहावे. रंग आला नाही तर ‘आला नाही’ असेच लिहावे, आणि त्या प्रामाणिक ओळीला गुण द्यावेत.

मग पुढच्या वेळी दोन ग्लास घेऊन प्रतिनिधी दारात येईल तेव्हा वही लिहीत बसलेली मुलगी मान वर करून विचारेल, ‘‘काका, हा रंग पाण्याचा की तुमच्या कांडीचा? त्या दुसऱ्या ग्लासात जरा मीठ टाकून दाखवता का?’’